घड्याळ घेऊन आलेली बाई

आमचे हे चाकणच्या एका फाउंड्रीत वितळलेलं लोखंड साच्यांत ओतायचे. सकाळी दिघीहून कंपनीच्या बसने जायचे आणि संध्याकाळी शर्टाच्या पाठीवर मिठाचे पांढरे डाग घेऊन परतायचे. ते शर्ट भिजत घालताना मला दरवर्षी उन्हाळ्याची जास्तच धास्ती वाटू लागली होती. यांना मात्र नाही. मूळचे लातूरकडचे, त्यामुळे उन्हाबद्दल कुणी शिकवायला लागलं की यांना अपमान झाल्यासारखं वाटायचं.

मागच्या एप्रिलमध्ये कंपनीने एक तज्ज्ञ बाई आणल्या. हवामान बदलतंय, आता रात्रीसुद्धा गार होत नाहीत, अंगाला विसावाच मिळत नाही, म्हणून भट्टीपाशी कामाच्या मधे विश्रांतीची जास्त सुट्टी लागेल का ते बघायचंय, असं त्यांनी सांगितलं. कामगारांच्या छातीला ठोके मोजायचे पट्टे बांधले आणि त्या घड्याळ घेऊन लाइनशेजारी उभ्या राहिल्या.

त्या घड्याळानेच घात केला. यांच्या कंपनीत घड्याळवाला माणूस येतो तो एका नगाला किती वेळ लागतो ते बघायला. तोही गोड बोलतो, तुमच्याच सोयीसाठी म्हणतो, आणि पुढच्या महिन्यात टार्गेट वाढतं. म्हणून घड्याळ दिसलं की अख्ख्या लाइनचे हात मंदावतात, कुणी कुणाला सांगावं लागत नाही. त्या दिवशीही तेच झालं. हे आणि यांच्याच ओळखीने तिथे लागलेला माझा धाकटा दीर, दोघे रमतगमत ओतत राहिले. बाईंना कुणी ताकास तूर लागू दिली नाही.

घरी चहा पिताना हे हसत होते. "आमाला ऊन शिकवायलीय ती," म्हणाले. मी म्हटलं, अहो, ती खरंच टार्गेटवाली नसेल. तर म्हणाले, कंपनीच्या पैशाने आलेलं माणूस आपलं कसं?

निकाल फलकावर लागला. ठोके बेताचे, काम फार जड नाही, आहे ती सुट्टी पुरेशी. या तज्ज्ञांना काय कळतं, म्हणत हे आणखीच फुशारले.

मे महिन्यात ऑर्डर वाढली, लाइन पूर्ण वेगाने पळू लागली आणि हे भट्टीसमोर कोसळले. पिंपरीच्या दवाखान्यात ओल्या चादरीत गुंडाळलेले त्यांचे पाय धरून मी बसले होते, आणि मला त्यांची कीव येत होती तेवढाच रागही. जीव वाचला, पण किडन्या अधू झाल्या. आता ते गेटवर बसून गाड्यांची नोंद करतात. भट्टीवर त्यांच्या जागी दीर उभा राहतो.

यंदा त्या बाई पुन्हा ठोके मोजायला आल्या. गेटवर यांनीच त्यांना आत सोडलं. मागच्या वेळी तुम्ही मुद्दाम हळू काम केलं होतं, एवढं तरी त्यांना सांगितलंत ना, असं मी संध्याकाळी विचारलं. हे बूट काढत म्हणाले,

"कसं सांगू? लाइनवरच्या पोरांचं टार्गेट वाढलं तर?"

मला इतका संताप आला की तव्यावरची भाकरी करपली तरी मी हलले नाही. तेवढ्यात दीर आला. हात धुता धुता, शाबासकी मिळेल अशा अपेक्षेने, यांच्याकडे बघून म्हणाला, "दादा, आज बी निवांतच चालवली लाइन आमी."

यांनी मान खाली घातली. मी दिराचा शर्ट बादलीत टाकायला घेतला. पाठीवर तेच पांढरे डाग होते.