डावा गुडघा दाखवून घ्या

आमची आत्या इस्पितळात प्लास्टरच्या खोलीत काम करते. सव्वीस वर्षं झाली. हात मोडलेला असो की पाय, तिचा सूर एकच, नाकातला आणि हुकमी: "सोड. अंग सोड म्हटलं ना! पाय तुझा असेल, पण आत्ता माझ्या ताब्यात आहे." मी हे करून दाखवलं की घरात हशा पिकतो. आत्या तेवढी म्हणते, "अजून जरा नाकातून."

तिचं एकच वेड, टकलू. म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या फुटबॉलमधला एक निवृत्त स्ट्रायकर. तो गोल मारत होता तेव्हा आत्याच्या खिजगणतीतही नव्हता. आता तो पायावर लिंबू उडवत उडवत टोमॅटोंना पाणी घालतो आणि ते व्हिडिओ तीन कोटी लोक बघतात. लोक लिंबू बघतात, आत्या गुडघा बघते.

"डावा आत वळतोय," एकदा जेवताना ती म्हणाली. "आणि हा शहाणा पुढच्या महिन्यात जुन्या खेळाडूंची मॅच खेळणार म्हणे! गुडघा कायमचा जाईल."

"मग कळव की," बाबा म्हणाले. "वाटच बघत असेल बिचारा."

आत्याने खरंच कळवलं. प्रत्येक व्हिडिओखाली, शुद्ध मराठीत: "डावा गुडघा दाखवून घ्या. तोवर पळू नका."

"ताई, तीन कोटींत तुझं कोण वाचणार?" बाबांनी विचारलं.

"माझ्या खोलीबाहेर रोज रांग असते. शेवटच्याचाही नंबर लागतो."

नंबर लागला, पण वाचणारे भलतेच निघाले. एकदा तिची ओळ सगळ्यात वर दिसत होती, त्याच दिवशी टकलूने लिंबू दोनशे वेळा उडवलं. झालं! ओळ लाभते म्हणून कुठकुठचे चाहते ती जशीच्या तशी चिकटवू लागले.

"अरे, मंत्र नाही तो, सल्ला आहे!" आत्या फोनकडे बघून खेकसायची.

मॅचच्या दिवशी टकलू मैदानात उतरला आणि प्रेक्षकांत एक लांबलचक फलक उलगडला. अक्षरं वेडीवाकडी, पण आपलीच. पंचवीस जण हात उंचावून, आनंदाने नाचत त्याला सांगत होते: पळू नका.

बाबांचा कप ओठांपाशीच थांबला.

टकलू पळाला. अकरा मिनिटं. तेवढा वेळ आत्याने माझा खांदा असा आवळला की प्लास्टर मलाच लागलं असतं. मग तो गुडघा धरून बाहेर बसला.

संध्याकाळी तोच फलक मांडीवर घेऊन तो व्हिडिओवर चाहत्यांशी बोलायला आला. काय लिहिलंय ते कुणीतरी त्याला भाषांतर करून सांगितलं. तो डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसला आणि हात जोडून म्हणाला, "उद्याच दाखवतो."

आठवड्याने नवा व्हिडिओ आला. लिंबू नाही. टकलू खुर्चीत, डावा पाय स्टुलावर, गुडघ्याला पट्टा. पाणी बायको घालतेय.

"जिंकलीस, ताई!" बाबा म्हणाले.

आत्याने चष्मा वर सरकवला, फोन नाकाला लावला.

"हा पट्टा कुणी बांधला? दोन बोटं खाली हवा!"

आणि टाइप करायला बसली.