उम्म सालेमच्या गळ्यातल्या किल्ल्या

प्रिय ओवी आणि नील,

गेल्या रविवारी शाळेच्या प्रकल्पासाठी ओवीने फोनवर विचारलं, "आजी, तू कधी खराखुरा गुलाम पाहिलायस?" मी लगेच म्हणाले, "छे गं, आमच्या वेळी कुठले गुलाम!" फोन ठेवला आणि मला चैन पडेना. आवरलेलं कपाट पुन्हा आवरलं. इथे कुवेतमध्ये, सालमियाच्या किनाऱ्यावर दोन फेऱ्या मारून आले. वर्गात चुकीचं उत्तर दिलं गेलं, तर दुसऱ्या दिवशी मुलांसमोर कबूल करायचं, हा माझा शाळेतला नियम होता. म्हणून हे लिहिते आहे.

तुमचे आजोबा इथे एका इस्पितळात नोकरीला होते तेव्हा आम्ही जाब्रियाला एका कुवेती घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहायचो. मालकीणबाईंना सगळे उम्म सालेम म्हणत, म्हणजे सालेमची आई. खरं तर सालेम त्यांच्या नवऱ्याच्या पहिल्या बायकोचा. त्यांना स्वतःचं मूल नव्हतं.

पहिल्या दिवशी त्यांनी मला चहाला बोलावलं. गळ्यात काळ्या दोऱ्यात किल्ल्यांचा जुडगा होता. साखरेसाठी एक कुलूप उघडलं, वेलचीसाठी दुसरं, खजुरासाठी तिसरं. प्रत्येक वेळी काढलं की लगेच बंद. मी बघतेय हे पाहून हसल्या. "मास्टरनी, जिससे प्यार, उसको ताला. खुला रखा तो दुनिया ले जाती है." वडिलांच्या खजुराच्या व्यापारामुळे त्यांचं लहानपण मुंबईत गेलं होतं, त्यामुळे त्यांची हिंदी थेट बाजारातली. भाजीवाल्याशी भांडताना म्हणायच्या, "मैं बम्बई का पानी पियी है, मेरे को मत सिखा!"

त्यांच्याकडे हसन स्वयंपाक करायचा. गुहागरजवळच्या खाडीकाठचा, शांत, हाताला विलक्षण चव. त्याने केलेला माशांचा भात मी इतक्या वेळा खाल्ला आहे की आजही वास आठवतो. तो आला त्याच दिवशी उम्म सालेमनी त्याचा पासपोर्ट काढून घेतला होता. आपल्या लग्नातल्या ओढणीत गुंडाळून, दागिन्यांच्या कपाटात ठेवला होता. मला एकदा त्यांनी कौतुकाने दाखवलासुद्धा. "अमानत है. मेरे सोने के साथ रखती हूं."

आणि त्या दुष्ट नव्हत्या, हे तुम्हाला समजायला हवं. हसनला टायफॉइड झाला तेव्हा त्या त्याच्या खोलीबाहेर खुर्ची टाकून बसायच्या, पेज स्वतः ढवळायच्या. पण एकोणीस वर्षांत त्याला फक्त दोनदा घरी जाऊ दिलं. मागितलं की उत्तर ठरलेलं: "रमजान के बाद." रमजाननंतर, "गर्मी के बाद."

एकदा जिन्यात त्याने मला थांबवलं. "बाई, आयशीला आता दिसत नाय. आवाजावरून वळखते. मालकीण तुमचं ऐकते, जरा बोलून बघा ना."

"बघते हसन, योग्य वेळ पाहून बोलते."

माझी डायरी तुम्ही पाहिली आहे. दर सोमवारी आठवड्याची कामं लिहायची, उरलेली पुढच्या पानावर उतरवायची. त्यात लिहिलं, "उम्म सालेमशी हसनबद्दल बोलणे." ते काम मी सुवाच्य अक्षरात पुढच्या पानावर उतरवत राहिले. जवळजवळ दोन वर्षं.

मग त्यांचे यजमान गेले. त्यांच्यात विधवेने चार महिने दहा दिवस घरातच राहायचं असतं, इद्दत म्हणतात. त्या आतल्या खोलीत बसल्या आणि सालेमने कारभार हातात घेतला. हसनला त्याने दूरच्या आपल्या शेतघरावर पाठवलं. तिथून आठव्या दिवशी हसन थेट घरकामगारांच्या कचेरीत गेला आणि अर्ज दिला: माझा पासपोर्ट द्या, मला घरी जाऊ द्या. सालेमने उलटी तक्रार ठोकली, की हा पासपोर्ट घेऊन पळाला आहे. ती खरी ठरली असती तर आधी कोठडी, मग चौकशी, आणि चौकशी संपेपर्यंत देश सोडायला बंदी. तोवर आई राहिली असती का, कोण जाणे.

पासपोर्ट कुठे आहे ते उम्म सालेमना माहीत होतं. मलाही माहीत होतं. पण घर आता सालेमचं होतं, आणि आजोबा म्हणाले, "आपण यात पडायचं नाही." मला ते ऐकायचंच होतं. तीन दिवस घरात येरझाऱ्या घातल्या. चौथ्या दिवशी खाली गेले.

मी विषय काढताच त्या उसळल्या. "तुम भी, मास्टरनी? मैंने उसको बेटे जैसा रखा!"

"सालेम का पासपोर्ट किधर रहता है?" मी विचारलं.

"सालेम का? उसकी जेब में."

बराच वेळ गळ्यातल्या किल्ल्या एकेक करून फिरवत राहिल्या. मग खिडकीकडे बघत म्हणाल्या, "दो महीना हुआ, मैं इस दरवाजे के बाहर नहीं गई. दीवार खाने को आती है. वो उन्नीस साल बैठा."

इद्दत संपायला अजून दोन महिने होते. त्यांनी मौलवींना फोन लावला. गरज असेल तर दिवसा जा, सूर्यास्ताआधी परत या, असं उत्तर मिळालं. सालेम दारात आडवा उभा राहिला. लोक काय म्हणतील, म्हणून ओरडला. त्या त्याला अरबीत एवढंच म्हणाल्या, "बाजूला हो, ऊन उतरायच्या आत परतायचंय मला." मी सोबत गेले.

कचेरीत त्यांनी ओढणीतलं गाठोडं टेबलावर ठेवलं. अधिकारी तरुण होता, आदराने वागला. "आई, 'सुरक्षिततेसाठी ठेवला होता' असं लिहितो."

"नाही. 'कुलपात ठेवला' असं लिही. तो पळाला नाही. पळणार कसा? किल्ली माझ्या गळ्यात होती."

"असं कबूल करणं म्हणजे गुन्हा कबूल करणं आहे, आई."

"मग तेही लिही."

हसन समोरच्या बाकावर होता. पासपोर्ट घेतला, उघडला, आतल्या आपल्याच तरुण फोटोकडे पाहत राहिला. मुदत केव्हाच संपली होती. उम्म सालेम त्याच्याकडे बघत होत्या. त्याने मान वर केली नाही.

सालेमची तक्रार रद्द झाली. नवे कागद होऊन महिन्याभरात हसन गावी पोचला. आईने त्याला आवाजावरून ओळखलं. आम्हाला सालेमने मजला रिकामा करायला लावला, म्हणून आम्ही सालमियाला आलो. उम्म सालेमना दंड झाला. सालेमने त्यांच्याकडे येणं सोडलं, पण लोक त्यांना त्याच्याच नावाने हाक मारत राहिले.

मी भेटायला गेले की त्या सगळ्यात आधी विचारायच्या, "हसन का फोन आया?" साखर तेव्हाही कुलपातच होती. मी नाही म्हटलं की म्हणायच्या, "काम में होगा." शेवटच्या भेटीतही तेच.

त्या गेल्याचं मीच हसनला कळवलं. तो म्हणाला, "अल्ला तिला माफ करो. मी केलंय का, ते मला अजून ठरवता नाय आलं, बाई." माझ्याबद्दल मी त्याला विचारलं नाही. धीर झाला नाही.

तर ओवी, उत्तर असं: हो, पाहिला. त्याच्या हातचं जेवले.

उम्म सालेमच्या जबाबाची प्रत माझ्या निळ्या फायलीत आहे. तिच्याखाली माझ्या डायरीतली ती सगळी पानं क्रमाने लावली आहेत. फाइल इथे, तुमच्या मामाच्या घरी, माझ्या कपाटात वरच्या कप्प्यात असते. कपाटाला कुलूप नाही.