सुवार्ताची प्रार्थना-विनंती

देवाने आपली लाज कशी राखली, हे लोक चर्चमध्ये उभं राहून साक्षीत सांगतात. माझी त्याने राखली नाही, आणि बरं केलं. मी नांदेडची, निवृत्त नर्स. भूकंपानंतर किल्लारीकडे ड्यूटी केली, तेव्हा ढिगाऱ्यापाशी सगळ्यांना गप्प करून आम्ही आतलं कण्हणं ऐकायचो. तेव्हापासून माझ्या कानांचा मला लई अभिमान.

आमची ख्रिस्ती पोरंपोरी डॉक्टर व्हायला लातूरला क्लासला जातात. रविवारीही टेस्ट, मग उपासनेला जाणार कधी? म्हणून मी रोज संध्याकाळी सहाला फोनवर व्हिडिओ कॉलनं प्रार्थना सुरू केली. वीसेक जण जमू लागले आणि मी हवेत! आमच्या चर्चचे पाळकसाहेब म्हणाले, “बाई, ज्याच्या त्याच्या गावच्या पाळकाचं ओळखीचं पत्र लातूरच्या मंडळीला, तिथल्या चर्चला जाऊ द्या. कुणीतरी खोलीवर जाऊन चेहरा तरी बघेल.” मी उडवून लावलं. “साहेब, पत्रांचा जमाना गेला. पोरं रोज माझ्यापुढं असतात की!”

पुढं कसली! निम्म्यांचे कॅमेरे बंद. त्यात मेसमधली भांडी, पंख्यांची घरघर. मला प्रार्थनेत शांतता हवी, म्हणून सुरुवातीलाच सगळ्यांचे आवाज मी माझ्याकडून बंद करून टाकी. मी बोलायचं, शेवटी सगळ्यांनी ‘आमेन’ लिहायचं. तीच हजेरी.

सुवार्ता नावाची मुलगी ग्रुपमधल्या एका मैत्रिणीच्या ओळखीनं आली होती. एकदाही चुकली नाही, आणि मग सलग दोन दिवस गैरहजर. मी ग्रुपवर सगळ्यांदेखत लिहिलं, ‘काही जणांना देवापेक्षा टेस्ट मोठी झाली.’ तरी उत्तर नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी चांगली खरडपट्टी काढावी म्हणून फोन लावला, तर भलत्याच बाईनं उचलला.

“मी रेहानाबाजी, हिच्या बिल्डिंगखाली मेस चालवते. पोरीला दवाखान्यात आनलंय. दोन दिवस डबा तसाच वापस येऊन राहिला, म्हून वर गेले, तर पोरगी तापात बरळून राहिली. फोनला कुलूप हाय, आमाला उघडंना. तिच्या आई-बापाचा नंबर सांगा जल्दी.”

माझ्याकडे नंबर नव्हता. गाव कोणतं, तेही माहीत नव्हतं.

“आँ? तुमी कोन मग तिच्या?”

“मी... रोज प्रार्थना घेते तिची.”

“रोज बोलता अन् घर ठाऊक न्हाई?”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या मैत्रिणीला गाठून नंबर मिळवला, बाजीला दिला, आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं लातूर गाठलं.

सुवार्ता शुद्धीवर आली होती. डेंगू होता, आणखी एक दिवस गेला असता तर हाती लागली नसती, असं डॉक्टर म्हणाले. मला बघून तिचा चेहरा उजळला. “मावशी, तुम्ही प्रार्थना केली म्हणून बाजी वर आल्या. मी शेवटची कॉलवर आले त्या दिवशी सांगितलं नव्हतं का, खूप ताप आहे, उठवत नाही, देवानं कुणाला तरी पाठवावं म्हणून मागा? सगळ्यांनी आमेन लिहिलं. मला केवढा धीर आला!”

गप्प बसले असते तर कुणाला कळलं नसतं. श्रेय आयतं पदरात पडत होतं. पण रात्रीच येऊन पोचलेली तिची आई माझ्या पाया पडायला वाकली, आणि मला राहवलं नाही.

“बाळा, तुझा आवाज मीच बंद केला होता, तापात तुला ते कळलं नसेल. तू बोललीस ते आमच्यापैकी कुणीच ऐकलं नाही.”

तिनं रागवावं असं मला वाटत होतं. पण ती हळूच म्हणाली, “मग कुणी ऐकलं?”

खाटेच्या पायथ्याशी बाजी मोसंबी सोलत बसली होती. तिला विचारलं, वर जावंसं कसं वाटलं? “काय की बाई,” ती म्हणाली. “डबे तर लई पोरांचे वापस येतात. अन् तीन जिने चढायचे म्हनलं की माझे गुडघे रडतात. पन त्या दिवशी गेले.”

मी मान खाली घालून बसले. प्रार्थनेचा एक शब्द सुचेना, आणि पहिल्यांदाच तो सुचावा असंही वाटलं नाही.

प्रभू, माझ्यावाचून तुझं काही अडत नाही हे दाखवलंस, तुझे उपकार. पण ती बोलत होती आणि मी ऐकलं नाही, ही टोचणी मात्र काढून घेऊ नकोस.