पाचवं पीस

त्या वर्षी सप्टेंबरमध्ये माझं पोस्टिंग राजस्थानच्या सीमेवर झालं. काम माइन लिफ्टिंगचं. आपल्याच सैन्याने पेरलेले सुरुंग, धोका टळल्यावर, एकेक करून परत काढायचे. वेगवेगळ्या युनिटांतून माणसं उचलून आमची तुकडी केली होती. मी हवालदार, सेक्शन कमांडर. वय बत्तीस. हाताखाली नऊ जवान.

रुटीन ठरलेलं होतं. ०४३० ला उठायचं, ०५३० ला फॉल-इन, ०६०० ला काम सुरू. १०३० ला थांबायचं, कारण नंतर वाळू तापते आणि डिटेक्टर धरलेल्या हाताला घाम सुटतो. मध्ये ०७१५ ते ०७४५ चहा. एकदा तपासलेल्या पट्ट्याला लाल टेप. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या टीमने तोच पट्टा पुन्हा तपासला की लाल टेप काढून पांढरी. लाल टेपच्या आत पाय ठेवायचा नाही. पाऊस झाला की सुरुंग वाळूबरोबर सरकतो, खाली जातो, वर येतो. पहिल्या तपासणीत सुटू शकतो. हे मीच रोज फॉल-इनला सांगत असे.

सुरुंगांच्या जमिनीला घातलेल्या कुंपणाच्या आत बराच काळ माणूस गेला नव्हता. गुराखी नाही, कुत्रं नाही, लाकूडतोड नाही. त्यामुळे तिथे मोर फार झाले होते. पहाटे खेजडीच्या झाडांवरून ओरडायचे. मी गेलो तेव्हा त्यांची पिसं झडत होती. गावाजवळ झडलेलं पीस तासभर जमिनीवर राहत नाही, कुणीतरी उचलतंच. इथे उचलायला कुणी नव्हतं. लांब लांब पिसं वाळूत तशीच पडलेली असत. पिसं झडलेला मोर मात्र उघड्यावर कमी येतो. झुडपाच्या कडेकडेने मान खाली घालून फिरतो.

पोरांनी एक समजूत करून घेतली होती, मोर गेला ती वाट साफ. एका थोराड मोराचं नाव त्यांनी 'इन्स्पेक्टर साब' ठेवलं होतं. मोराचं वजन चार-पाच किलो. सुरुंगाला त्याहून जास्त लागतं. हे मला कळत होतं. पण रोज मरणावर चालणाऱ्या पोरांना कशाचा तरी आधार वाटतोय तर वाटू दे, म्हणून मी कुणाला खोडून काढलं नाही. उलट एकदोनदा मीही म्हणालो, "चलो, इन्स्पेक्टर साब पास कर गए."

सेक्शनमध्ये सॅपर, म्हणजे इंजिनिअर्सचा जवान, सेल्वम होता. वय बावीस, उंच, सडपातळ, कांचीपुरमच्या विणकराच्या घरातला. मोर दिसला की त्याचा हात छातीवर जायचा. मोर म्हणजे मुरुगाचं, आपल्या कार्तिकेयाचं, वाहन. बाकीचे चिडवायचे, "सेल्वम, तेरे भगवान की गाड़ी आ गई, सलाम मार." तो हसून खरोखर सलाम मारायचा.

एकदा चहाला बसलो असताना त्याने मला सांगितलं, "साब, मोर के गले का रंग एक धागे से नहीं बनता. खड़ा धागा नीला, आड़ा हरा. मेरा बाप बनाता है. कपड़ा हिलाओ तो गला हिलता है."

ऑक्टोबरात सुनंदाचं, माझ्या पत्नीचं, पत्र आलं. तिला सातवा सरून आठवा लागला होता. शेवटी लिहिलं होतं, 'पाळण्याला बांधायला मोराची पिसं आणा. सासूबाई म्हणतात झडलेलीच हवीत, आणि पाच हवीत. चार चालत नाहीत.'

दसऱ्याच्या आधीचा मंगळवार. ०७१५ ला सगळे चहाला गेले. लेनच्या, म्हणजे साफ केलेल्या वाटेच्या, तोंडाशी मी आणि सेल्वम दोघेच राहिलो. लाल टेपच्या आत, सात-आठ पावलांवर, खेजडीखाली पिसं पडली होती. नुकताच इन्स्पेक्टर साब तिथून चालत गेला होता. वाळूत त्याच्या पायांचे ठसे स्पष्ट होते. तो पट्टा आदल्या दिवशी एकदा तपासलेला होता. दुसरी तपासणी ०८०० ला होणार होती. तास-दीड तास थांबलो असतो तर पांढऱ्या टेपमधून पिसं उचलता आली असती.

मी म्हणालो, "सेल्वम, घर से चिट्ठी आई है. वो पंख चाहिए."

त्याने टेपकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "साब, लाल है."

"कल हो गया है वो. और इन्स्पेक्टर साब अभी गए हैं."

तो हसला. मोराच्या ठशांवर पाय देत आत गेला, चार पिसं उचलली आणि त्याच ठशांवरून परत आला. पिसं माझ्या हातात दिली. मी मोजली.

"पाँच लगते हैं."

"साब, चार में बच्चा नहीं सोएगा?"

"एक और ला."

तो पुन्हा गेला. पाचवं पीस झाडाच्या पलीकडे होतं, तिथे मोराचे ठसे नव्हते. झाडाआडून त्याचा आवाज आला, "दिख रहा है, साब." वेळ ०७२५.

स्फोटानंतर वाळू खाली बसायला बराच वेळ लागतो. मी रेडिओ उचलला. माझा आवाज स्थिर होता, हे मला आजही आठवतं.

"अल्फा टू, धिस इज अल्फा टू थ्री. माइन कॅज्युअल्टी, वन. रिक्वेस्ट ॲम्ब्युलन्स. ओव्हर."

"अल्फा टू थ्री, कॅज्युअल्टी लेनमध्ये की लेनबाहेर? ओव्हर."

मी बटण दाबलं. मग म्हणालो, "लेनबाहेर. ओव्हर."

"बाहेर का गेला? ओव्हर."

"माहीत नाही. ओव्हर."

खोटं तिथे सुरू झालं. प्रॉडरच्या सळईने जमीन टोचत त्याच्यापर्यंत पोचायला आम्हाला अठरा मिनिटं लागली. तो शुद्धीवर होता. आईला हाक मारत होता, तमिळमधून. माझं नाव त्याने घेतलं नाही. ॲम्ब्युलन्समध्ये ०८१० ला त्याचा जीव गेला. चारही पिसं तेव्हा माझ्या शर्टाच्या आत होती.

दुपारी १५०० ला जबाब झाला. कॅप्टनसाहेबांनी विचारलं, "तुम्ही त्याला आत पाठवलं होतं?"

"नो सर."

"मग?"

"पिसं गोळा करायची हौस होती त्याला, सर. मी पाठमोरा होतो."

कोर्ट ऑफ इन्क्वायरीचा निष्कर्ष पुढे तसाच आला. स्वतःच्या निष्काळजीपणामुळे, आदेशाविरुद्ध.

सेक्शन कमांडर म्हणून सेल्वमच्या शवपेटीबरोबर मीच गेलो. कांचीपुरमच्या त्या गल्लीत प्रत्येक घरातून माग ऐकू येतो. त्या दिवशी सगळे बंद होते. घराबाहेर तिण्णै आहे, म्हणजे आपल्याकडचा ओटा. त्यावर उभा राहून मी सांगितलं, आमच्या एका तमिळ जवानाने भाषांतर केलं. गल्ली भरलेली होती. वडिलांनी विचारलं, कसा गेला? मी म्हणालो, मोराची पिसं उचलायला नियम मोडून आत गेला. वडिलांनी एकच शब्द परत विचारला. "पिसं?" जवानाने मान हलवली. लोकांच्या नजरा पेटीवरून वडिलांकडे वळल्या, तेवढं मला दिसलं.

डिसेंबरात मुलगी झाली. शर्वरी. मी रजेवर गेलो तेव्हा चार पिसं घेऊन गेलो. सुनंदाने पाळण्याला बांधली.

"पाचवं?"

"मिळालं नाही."

पुढे मला प्रमोशन मिळालं. नायब सुभेदार म्हणून निवृत्त झालो आणि चेन्नईजवळ आवडी नावाच्या गावी एका कारखान्याच्या सुरक्षा विभागात नोकरी लागली. चेन्नईत मला पंधरा वर्षं झाली. आवडीहून कांचीपुरम दोन-अडीच तासांवर आहे. कुटुंबाला घेऊन तिथल्या देवळांना जाऊन आलो. त्या गल्लीत गेलो नाही. कारखान्याच्या मागच्या झाडीत मोर आहेत. पहाटेच्या राउंडला ते ओरडले की मी वॉचमनना त्या बाजूला पाठवत असे, स्वतः जात नसे.

या फेब्रुवारीत शर्वरीच्या लग्नाच्या साड्या घ्यायला आम्ही तिघं टी. नगरला गेलो. शर्वरी नुंगंबाक्कमला नोकरी करते. लहानपणापासून इथेच वाढल्यामुळे तिला मराठीपेक्षा तमिळ सोपं जातं. दुकानातल्या बाईंनी एक साडी उलगडली. काठावर मोरांची रांग. बाईंनी पदर हवेत हलवला. निळा हिरवा झाला, हिरवा परत निळा.

"मयिल कळुत्तु, सार," त्या म्हणाल्या. मोराची मान.

"बाबा, हीच," शर्वरी म्हणाली.

"ही नको."

"का? किती छान आहे."

"दुसरी बघ."

सुनंदा बाईंना म्हणाली, "यांना सुरुंगांची भीती नाही वाटली कधी. साडीला घाबरतायत." बाई हसल्या. शर्वरी हसली नाही, ती माझ्या हातांकडे बघत होती. मी काउंटरची कड धरली होती.

खाली रस्त्यावर ऑटोची वाट बघताना तिने विचारलं, "बाबा, कोण होतं?"

काय झालं, असं तिने विचारलं नाही. कोण, असं विचारलं. मी म्हणालो, "रविवारी माझ्याबरोबर कांचीपुरमला येशील? मला तमिळ पुरणार नाही."

रविवारी ०६२० ला निघालो. चार पिसं वर्तमानपत्रात गुंडाळून घेतली होती. ती सुनंदाने शर्वरीच्या झबल्यांबरोबर ट्रंकेत जपून ठेवली होती. शर्वरीला वाटेत एवढंच सांगितलं की माझा एक जवान होता, त्याच्या आईकडे जायचंय.

सेल्वमचे वडील वारले होते. धाकटा भाऊ मागावर बसला होता. रेशमी साडीच्या काठावर रुद्राक्षाची नक्षी चालली होती. आई भिंतीशी. तिने मला ओळखलं. मी नाव सांगायच्या आधी ती म्हणाली, "पेटीबरोबर आलेला."

मी तमिळमध्ये सुरुवात केली. "अम्मा, तेव्हा मी जे बोललो ते खरं नव्हतं." इथवर मला जमलं. पुढचं शर्वरीला सांगायला लावणार, तोच आईने हात वर केला. ती बोलली, शर्वरीने मला मराठीत सांगितलं.

"बाबा, त्या म्हणतात, तेव्हा तुम्ही घरात बोलला नव्हता. तिण्णैवर उभं राहून बोलला होता. आताही तिथेच बोला."

भाऊ उठला. त्याने शेजारच्या दोन-तीन दारांवर हाका मारल्या. रविवार होता, बरेच जण घरी होते. म्हातारी माणसं जास्त. मी तिण्णैवर चढलो. सावधानमध्ये उभा राहिलो, दुसरं कसं उभं राहायचं ते मला सुचलं नाही. शर्वरी माझ्या शेजारी.

"सॅपर सेल्वम नियम मोडून गेला नव्हता. तो म्हणाला होता, लाल टेप आहे. मी पाठवलं. चार पिसं आणून दिल्यावर पुन्हा पाठवलं. चौकशीत खोटं बोललो. इथे येऊन तेच खोटं बोललो."

एकेक वाक्य झालं की शर्वरी ते तमिळमध्ये सांगत होती. आवाज सरळ, ऑफिसात रिपोर्ट वाचावा तसा. गर्दीतल्या एका म्हाताऱ्याने विचारलं, पिसं कशाला हवी होती?

मी शर्वरीकडे न बघता मराठीत म्हणालो, "माझ्या मुलीच्या पाळण्यासाठी."

ती थांबली. गल्लीत कुठेतरी एक माग चालू होता, त्याचा खट्-खट् आवाज मी मोजला. सहा वेळा. ती म्हणेल 'त्यांच्या मुलीच्या', असं मला वाटलं. ती म्हणाली, "एन् तोट्टिलुक्कु." एवढं तमिळ मला येतं. माझ्या पाळण्यासाठी.

मग आईने सांगितलं. त्या दिवसानंतर सेल्वमच्या वडिलांनी मागावरून मोराच्या नक्षीचे पुठ्ठे, भोकं पाडलेल्या पट्ट्यांची ती माळ, काढून चुलीत घातली. मोराच्या हव्यासाने पोरगा गेला, असं गल्लीत लोक म्हणत. या घरात पुन्हा मोर विणला गेला नाही. मुरुगाच्या देवळात जाणंही त्यांनी सोडलं.

मी वर्तमानपत्र उघडलं. आईने पिसं मोजली, हात लावला नाही. शर्वरीमार्फत म्हणाली, "ही त्याने तुमच्या हातात दिलीत. तुमच्याकडेच ठेवा. ट्रंकेत नको." क्षमेबद्दल ती काही बोलली नाही, मीही मागितली नाही. निघताना ती धाकट्याला काहीतरी बरंच सांगत होती. त्यातला 'मयिल', मोर, हा एकच शब्द मला कळला. शर्वरीला मी अर्थ विचारला नाही.

परतीच्या बसमध्ये शर्वरी खिडकीशी बसली. घरी पोचल्यावर तिने आईला सगळं सांगितलं. मी दाराशी उभा होतो. सुनंदाने मला जेवायला वाढलं आणि समोर बसली नाही. शर्वरीच्या लग्नाला चार महिने झाले. ती फोन आईला करते, शेवटी मला देते.

रेकॉर्ड्स ऑफिसला मी प्रतिज्ञापत्र पाठवलंय. माझ्यावर काय कारवाई व्हायची ती होईल. सेल्वमच्या कागदावरचं 'निष्काळजीपणामुळे, आदेशाविरुद्ध' हे दोन शब्दांइतकं खोटं पुसलं जावं, एवढंच मागितलंय. उत्तर अजून आलेलं नाही.

चार पिसं आता बाहेरच्या खोलीत, दारासमोरच्या भिंतीवर आहेत. येणारे-जाणारे बघतात. कुणीतरी हमखास विचारतं, चारच का? मी सांगतो. पाचवं आणायला सॅपर सेल्वम गेला होता. वय बावीस. त्याला मी पाठवलं होतं.