तीन आठवड्यांची मुदत

ओटावातल्या आमच्या लायब्ररीत एक बंगाली गृहस्थ दर तीन आठवड्यांनी स्वतःच लिहिलेलं पुस्तक परत करतात आणि तिथल्या तिथे पुन्हा घेऊन जातात. जन्मभर कोलकात्यात राजकीय बातमीदारी केली, आता इथे मुलीकडे असतात. मी त्यांना दादा म्हणतो. त्यांना काहीही सांगा, पहिला प्रश्न ठरलेला, "तुमने खुद देखा?" बस उशिरा येणार आहे म्हटलं तरी हेच.

स्वतःच्या पुस्तकाचा हा सोस मला जरा अतीच वाटायचा. एकदा तसं बोलून गेलो. त्यांनी शांतपणे पुस्तक उघडलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"यह आदमी पैसा लेकर पार्टी बदला, हम ऐसा लिखा. झूठ था. हम सुना और छाप दिया, उसको पूछा नहीं."

तो कार्यकर्ता आता हयात नाही. पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली नाही. घरातल्या सगळ्या प्रतींत दादांनी ती ओळ पेनाने खोडलीय, पण लायब्ररीच्या पुस्तकात लिहू देत नाहीत.

"इधर बंगाली किताब कौन पढ़ेगा, दादा?"

"एक भी पढ़ लिया तो?"

गेल्या महिन्यात ते कोलकात्याला गेले. जाण्याआधी पुस्तक माझ्या कार्डावर घ्यायला लावलं. मीच का, असं विचारलं.

"तुमको बांग्ला नहीं आता, इसलिए."

आज मुदत संपतेय. सकाळपासून स्नो पडतोय. मी पुस्तक पिशवीत घातलं आणि बूट चढवले.