तोफ आणि मेलेली बॅटरी

तिला गल्लीत सगळे तोफ म्हणायचे, पण तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. ड्रोन उडवून उंच इमारतींची छपरं, टाक्या, धुराडी तपासायची, हा तिचा धंदा. धाकट्या भावाचाही धंदा तोच, फक्त त्याच्याकडे ड्रोनऐवजी दोर होता. तो स्वतःच वर चढायचा. त्याला लोक पाल म्हणत, आणि त्या गाढवाला ते आवडायचं.

त्या दिवशीचं काम होतं एका कारखान्याचं धुराडं. बाहेरून चाळीस वर्षांच्या लोखंडी पायऱ्या, गंजून पापुद्रे सुटलेल्या. आधी ड्रोन वर जाणार, पायऱ्या धड दिसल्या तरच भाऊ चढणार, असं ठरलं होतं. म्हणजे तिनं ठरवलं होतं. भावाचा सकाळी फोन आला, "ताई, अकरापर्यंत थांबतो. नंतर लोखंड तापतं. तू नाही आलीस तर मी आपला चढतो."

"चढून तर बघ! तंगडी मोडून हातात देईन."

"खाली आल्यावर दे," असं म्हणून त्यानं हसत फोन ठेवला.

दहा वाजले होते आणि ड्रोनची बॅटरी मेली होती.

तिनं बटण दाबलं. आधी टिचकीसारखं, मग दाबून धरून, जसं दाबायचं असतं तसं. चार दिव्यांपैकी एकानंही डोळा उघडला नाही. चार्जरला लावली, चार्जर मख्ख. सॉकेट बदललं, वायर बदलली, तरी मख्खच. फुगली असेल म्हणून टेबलावर ठेवून कडेनं पाहिली, तर सपाट. जोडीची दुसरी बॅटरी फुगली म्हणून तिनं गेल्याच महिन्यात टाकून दिली होती. आता सगळी भिस्त या एका ठोकळ्यावर, आणि हा ठोकळा मूग गिळून बसलेला.

शेवटी तिनं कंपनीला फोन लावला.

"नमस्काऽर! आपला दिवस आनंदात जावो!" मधात बुडवून काढलेला आवाज.

"तो जात नाहीये. बॅटरी मेलीये."

"आपल्या भावना मी समजू शकते. बॅटरी चार्ज केली होती का?"

"चार्जच होत नाही, तेच तर सांगतेय!"

"अच्छा अच्छा. मग एकदा चार्ज करून बघता का?"

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. पण पलीकडून त्याच मधाळ सुरात एक कामाचा प्रश्न आला. शेवटची कधी वापरली होती? अडीच महिन्यांपूर्वी, पावसात कामं बंदच होती. "मग ती झोपली असेल, मॅडम. फार दिवस पडून राहिली की स्वतःला बंद करून घेते. चार्जरचा करंट मिळाला की जागी होते."

"अहो, पण चार्जर..."

"आपला दिवस आनंदात जावो!"

तिनं वीज मोजायचा मीटर काढला आणि त्याच्या दोन टोकदार सुया बॅटरीच्या पिवळ्या पट्ट्यांवर टेकवल्या. शून्य. पुन्हा टेकवल्या. शून्य. मग रागाच्या भरात तिनं सुया अशा काही दाबल्या की त्या सर्रकन घसरल्या, आणि मीटरवर आकडा उडी मारून वर आला.

तिनं पट्टीवरून नख फिरवलं. नखात पारदर्शक सालपट आलं.

"बाबाऽऽ!"

बाबा पस्तीस वर्षं फाटकं रंगवून निवृत्त झाले होते, पण हात निवृत्त झाले नव्हते. घरातल्या कड्या, बिजागऱ्या, कपाटाच्या किल्ल्या, एकूण एक धातू त्यांनी वार्निश मारून चकचकीत ठेवला होता. ते सावकाश दारात आले.

"या बॅटरीला काय केलंत?"

"त्या पट्ट्या उघड्या होत्या. दोन हात मारले."

"का?"

"उघड्या धातूला हवा खाते."

"अहो, तिथूनच तर वीज आत जाते!"

"मग तर जपायलाच हवं. शिवाय आधी नीट पुसून घेतलं हो. वरवरचं काम माझ्यानं होत नाही."

"तुमचा तो पोरगा अकराला त्या सडक्या पायऱ्यांवर चढणारे! ड्रोन नाही गेला तर चढणारे! कळतंय का तुमचं वार्निश कुठपर्यंत गेलं ते?"

 बाबा आत गेले, थिनरची बाटली आणि फडकं घेऊन आले. तिनं हात पुढे केला तर तो बाजूला सारून म्हणाले, "मी मारलंय, मीच काढतो. तू खरवडशील." आणि त्यांनी एकेक पट्टी अशी अलगद मोकळी केली की तिला आणखीच राग आला. इतकं कसब, आणि हे असलं डोकं!

पट्ट्या कोरड्या होऊ दिल्या, बॅटरी चार्जरला लावली. एक दिवा लुकलुकला. साडेदहा. भावाला फोन लावला, उचलेना. पुन्हा लावला, उचलेना. वीस मिनिटांत जेमतेम चौथा हिस्सा भरला. तेवढ्यावरच बॅटरी ड्रोनमध्ये कोंबून तिनं स्कूटर काढली. वाटेत एका ट्रकवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

अकराला अजून तीन मिनिटं होती, आणि हा बहाद्दर दहाव्या पायरीवर!

हाक तिच्या घशापर्यंत आली आणि तिनं ती गिळली. हाक मारली की हा हात सोडून टाटा करतो, लहानपणापासूनची खोड. तिनं ड्रोन सोडला, त्याच्यापासून चांगला लांब ठेवून वर नेला. रिमोटच्या स्क्रीनवर अठरावी पायरी ठीक. विसावी ठीक. तेविसावीचे दोन्ही बोल्ट विटेतून बाहेर आले होते. ती नुसती लटकत होती.

"तिथंच थांब! हात सोडू नकोस! सावकाश खाली ये!"

त्यानं वळून पाहिलं आणि हात हलवला.

तो खाली येईपर्यंत तिनं एकेक पायरी मोजली. ड्रोन उतरला, भाऊ उतरला. तिनं स्क्रीन त्याच्या नाकासमोर धरली. लटकती पायरी त्यानं बोटांनी मोठी करून पाहिली. चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं.

"अजून तेराच राहिल्या होत्या," तो पुटपुटला. मग म्हणाला, "पण ताई, तू जरा लवकर आली असतीस तर..."

तिनं त्याच्या डोक्यावरचं हेल्मेट काढलं आणि त्याच्याच पाठीत घातलं. मग आणखी एकदा घातलं. आणि तेच त्याच्या डोक्यावर परत घालून पट्टा घट्ट आवळला.