बंद केलेली हाळी

माझ्या पाठीवर पहिला वळ उठला तेव्हा ओटीवर उभ्या असलेल्या पाहुण्याच्या हातात पेला होता. लांब दांडीचा, पातळ काचेचा. पेल्यात माडी होती. त्याच सकाळी मी उतरवलेली. तांदळाच्या धुवणासारखी पांढरी.

मारणारा माझा बाप होता. हातात काथ्याचा दोर, माडावर चढताना पायात अडकवायचा. मालकाच्या दारापुढच्या खळ्यात, मालकाच्या घरच्या बायका खिडक्यांतून बघत असताना, पंचविशी उलटलेल्या मुलाला तो मारत होता. मी हात वर केला नाही. बाप माझ्या तोंडाकडे बघत नव्हता. फक्त पाठीकडे बघत होता.

"अहो, एवढं कशाला?" पाहुणा म्हणाला. आणि त्याने एक घोट घेतला.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट आहे. सुरुवातीच्या वर्षांतली. गावात ती अजून सांगतात, पण उलटी सांगतात. म्हणून म्हातारपणी लिहायला बसलोय.

आमचं गाव रत्नागिरीच्या किनाऱ्यावर, खाडी समुद्राला मिळते तिथे. वर कातळ, खाली वाळूची पुळण. पुळणीच्या मागे मालकाचे माड, आणि माडांच्या कडेला मालकाच्याच जागेत आमचं घर. आजोबांपासून आम्ही त्या माडांची माडी काढत होतो. माडाची पोय, म्हणजे फुलोऱ्याचा कोंब, फुटायच्या आधी घट्ट बांधायची, हलक्या हाताने ठोकायची, टोकाला पातळ काप द्यायचा आणि खाली मडकं अडकवायचं. रस थेंबाथेंबाने मडक्यात उतरतो. सकाळ-संध्याकाळ नवा काप द्यावा लागतो. एक दिवस चुकवला की काप सुकतो, पोय बंद होते. त्यामुळे घरात मयत असो की लगीन, माडावर जावंच लागतं.

सगळ्या माडांची माडी सारखी नसते. खाडीच्या गाळातल्या माडाची गोड आणि जड. कातळाच्या पायथ्याच्या माडाची तुरट. पुळणीवरच्या माडाची हलकी, आणि गिळल्यावर जिभेच्या कडेला जरासं मीठ राहतं. खारा वारा दिवसरात्र झावळ्यांतून जातो, त्याचं असेल. मालकाचे माड पुळणीवरचे होते. पहाटेची माडी ऊन चढायच्या आत प्यायची. दुपारी तिला फेस येतो, संध्याकाळी ती आंबते. तिला गाव सोडून नेता येत नाही.

आता हाळीबद्दल सांगतो. ते कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

माडावरून सगळं दिसतं. मागची परसं, विहिरी, झापांच्या न्हाण्या. त्या वेळी न्हाण्यांना छप्पर नसायचं. चार बाजूंना माडाच्या विणलेल्या झावळ्या, वर आभाळ. म्हणून चढण्याआधी बुंध्याशी उभं राहून मोठ्याने हाळी द्यायची, "चढतोय होऽऽ!" आणि थांबायचं. बाई न्हाणीत असेल तर आतून भांडं वाजवायची. म्हणजे थांब. भांडं वाजलं नाही की चढायचं. आमच्यात मुलाला कोयती हातात द्यायच्या आधी हाळी शिकवतात. हाळी न देता चढणाऱ्या माणसाला कुणी आपल्या परसात उभं करत नाही. आणि बायकांचं सगळं वेळापत्रक त्या हाळीवर. हाळी आली नाही म्हणजे वर कुणी नाही. खुशाल आंघोळ करा.

त्या वर्षी थंडीत मालकाकडे मुंबईचे पाहुणे आले. नवरा-बायको. तो मोठ्या हॉटेलच्या धंद्यातला. येताना परदेशी व्हाइट वाइनच्या बाटल्या आणि ते पेलेही घेऊन आलेला. पहिल्या संध्याकाळी ओटीवर बसून एका पेल्यात त्याची वाइन, दुसऱ्यात आमची माडी, असं आलटून पालटून पीत होता. मी मडकी धूत होतो. त्याचं बोलणं ऐकू येत होतं.

"तिकडे द्राक्षं कुठल्या उतारावरची ते लोक घोटावरून सांगतात," तो म्हणाला. "माती कळते, हवा कळते. हिच्यात तसंच आहे बघा. हिच्यात तुमचा समुद्र आहे."

मालक खुलला. "आमची पुळणच तशी आहे," म्हणाला.

मलाही बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? आमच्या माडीबद्दल कुणी इतकं चांगलं बोललेलं मी कधी ऐकलं नव्हतं. अंधारात एकटाच हसलो.

दुसऱ्या सकाळी नेहमीसारखी हाळी दिली. तासाभराने मालकाने दोघांना बोलावलं. बापाला आणि मला.

"पहाटे कोल्ह्यासारखा काय ओरडतोस रे? पाहुणे दचकून उठले. ते आहेत तोवर ओरडायचं नाही."

"मालक, हाळी दिल्याबिगर चढत नाय आम्ही," बाप म्हणाला.

"चार दिवस तोंड मिटलंस तर जीभ झडणार नाही तुझी."

"मग उन्हं आल्यावर चढू काय?"

"आणि आंबट पाणी पाजू त्यांना? पहाटेचीच हवी. गुपचूप चढायचं, गुपचूप उतरायचं."

बापाने मान डोलावली. वाटेत मला म्हणाला, "आत बायकांना सांगितलं असंल त्यांनी. तू आपला पोयीकडं बघून काम कर. खाली बघू नको."

मालकाने बायकांना सांगितलं नव्हतं. हुकूम आम्हाला दिला आणि विसरला. त्याच्या घरात कुणाला ठाऊकच नव्हतं की हाळी बंद आहे.

पुढच्या पहाटे मी न ओरडता चढलो. तोंडात काहीतरी अडकल्यासारखं वाटत होतं. चार माड झाले. पाचवा विहिरीजवळचा. वर पोचलो, काप दिला, मडकं बदललं. तेवढ्यात खालून किंकाळी आली.

किंकाळी ऐकून मी खाली बघितलं. त्याआधी नाही. हे मी कुणाच्याही शपथेवर सांगेन. झापांच्या आत पाहुण्याची बायको होती. हातांनी अंग झाकून वर बघत होती. मी डोळे मिटले आणि बुंध्याला कवटाळून तसाच राहिलो. मला तिचं अंग आठवत नाही. डोळे आठवतात. माझ्याकडे त्याआधी कुणी तसं बघितलं नव्हतं.

खळ्यात मला उभं केलं. आतून तिचा रडका आवाज येत होता. "मला वहिनींनी सांगितलं होतं, हाळी आली की भांडं वाजवायचं. हाळी आलीच नाही हो!"

"ऐकलंस?" मालक म्हणाला. "हाळी का दिली नाहीस?"

मी म्हणालो, "तुम्हीच बंद करायला सांगितलंत. काल. हा माझा आबा पण होता ना."

पाहुण्याने मालकाकडे बघितलं. मालकाच्या तोंडावर क्षणभर सगळं दिसलं. त्याला आठवलं होतं. मग त्याने बापाकडे मान वळवली. आवाज चढवला नाही.

"काय रे? मी सांगितलं होतं असं?"

बापाने आमच्या घराकडे बघितलं. माडांतून कौलं दिसत होती. आई अंगणात झावळ्या विणत बसली असणार.

"नाय मालक. तुम्ही काय बोलला नव्हता."

"मग तुझ्या पोराला तूच शिकव. का पोलिसांना बोलावू?"

दोर माझ्याच खांद्यावर होता. बापाने तो काढून घेतला.

एवढंच झालं. पाठ आठ-पंधरा दिवसांत बरी झाली. पण त्यानंतर गावात मी एका शब्दाचा माणूस झालो. 'बघ्या.' विहिरीवरून गेलो की बायका पदर सावरायच्या. ठरत आलेलं लग्न मोडलं. दुसऱ्या कुणाच्या माडावर चढायचा प्रश्नच नव्हता.

मी लोट्याला, कारखान्यांच्या वसाहतीत गेलो. रसायनांच्या कारखान्यात पाळीवर लागलो. कंपनीच्या बसने जायचं, बसने यायचं. अंगाला येणारा वास साबणाने जात नसे. मला तो बरा वाटायचा. कुणी विचारलं तर सांगायचो, घरी शेती आहे.

मालकाचा राग मला येत नव्हता. आज त्याचं नवल वाटतं. मालक मालकासारखा वागला, असं काहीतरी डोक्यात होतं. राग सगळा बापावर. गणपतीला घरी यायचो तेव्हा त्याच्याशी बोलायचो नाही. तो ताट सरकवायचा, मी भिंतीकडे तोंड करून जेवायचो. आई म्हणायची, "अरे, किती वर्सं धरून बसशील?" मी उठून जायचो.

दशक संपत आलं तेव्हा बापाचे गुडघे गेले. माड सुटले. मग त्याला ती सवय लागली. पहाटे उठून दारात बसायचा आणि समोरच्या माडांकडे बघून हाळी द्यायचा. "चढतोय होऽऽ!" थांबायचा. कान देऊन ऐकायचा. मग पुन्हा. त्या माडांवर तेव्हा कुणी चढत नव्हतं. शेजारी म्हणायचे, म्हाताऱ्याला भ्रम झाला. पोरं त्याची नक्कल करायची.

मला माहीत होतं तो कुणाची हाळी देतोय. तो माझी हाळी देत होता. त्या एका पहाटेची. रोज देत होता आणि ती त्या न्हाणीपर्यंत पोचत नव्हती.

एका सकाळी मला ते सहन झालं नाही. शिमग्याला आलो होतो. लोक हसत होते. मी बाहेर येऊन ओरडलो, "आबा, तोंड मिट! जीभ झडणार नाय तुझी!"

बापाने माझ्याकडे बघितलं. एवढ्या वर्षांनी पहिल्यांदा सरळ तोंडाकडे. म्हणाला, "तू पण?"

ते शब्द कुणाचे होते ते मला तेव्हा कळलं. माझ्या तोंडातून मालक बोलला होता. मी तिथेच पायरीवर बसलो. काहीतरी बोलायला हवं होतं. बोललो नाही. दुसऱ्या दिवशी पाळी होती, बस पकडली. त्यानंतर बापाने हाळी दिली नाही. पावसाळा संपायच्या आत तो गेला.

त्याच्या तेराव्याला मालक आला. अंगणात त्याच्यासाठी खुर्ची मांडली. सगळा गाव बसलेला. मालक म्हणाला, "तुझा बाप नेकीचा माणूस. परस्त्रीची अब्रू राखायला त्यानं पोटच्या पोरालासुद्धा सोडलं नाही. अशी माणसं आता कुठे?"

लोकांनी माना हलवल्या.

मी त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलो. "हाळी तुम्ही बंद केलेली."

"झालं गेलं कशाला काढतोस आज?"

"पाहुण्याला पहाटेची पाजायला बंद केलेली. आणि आत बायकांना सांगितलं नाय. त्या बाईची अब्रू तुम्ही घालवलीत."

"तुझा बापच म्हणाला होता—"

"माझा बाप खोटं बोलला. घर तुमच्या जागेत होतं म्हणून बोलला. आता उठा."

"काय म्हणालास?"

"उठा. ही खुर्ची आमची आहे."

चुलत्याने माझा दंड धरला. "मेल्या, पाया पड त्यांच्या!" मी दंड सोडवून घेतला. मालक उठला. त्याच्या मागोमाग निम्मा गाव उठला. पान तसंच वाढलेलं राहिलं. महिन्याभरात त्याने जागा खाली करायला लावली. आईला मी लोट्याला घेऊन गेलो. ती तिथल्या वासाला कधी सरावली नाही. पण एकदा चुलीपाशी बसल्या बसल्या म्हणाली, "बोललास ते बरं केलंस. मी बोलाया हवं होतं."

मालक कधीच वारला. त्याच्या नातवाने तिथे पर्यटकांसाठी खोल्या बांधल्या आहेत. परवा तो मला शोधत आला. चांगला बोलणारा मुलगा, काका काका करणारा. म्हणाला, "पाहुण्यांना आम्ही पेल्यातून माडी देतो, आणि सोबत गोष्ट सांगतो. ही इथली व्हाइट वाइन, इथल्या मातीची. तुमच्या वडिलांची इमानाची गोष्ट लोकांना फार आवडते. त्यांचा फोटो असेल तर द्या ना. भिंतीवर लावू."

मी त्याला विचारलं, "गोष्टीत मी कोण असतो?"

"फोटोचं तेवढं बघा, काका," तो म्हणाला.

फोटो मी दिला नाही. देणार नाही. बापाची माफी मागायची राहिली, ती आता मागता येणार नाही. ती बाई हयात असली तर तिला अजून वाटत असेल, कुणीतरी चोरून बघत होतं. तिच्यापर्यंत मी पोचू शकत नाही. पण त्या भिंतीपर्यंत पोचू शकतो. माझ्या बापाची लाचारी इमान म्हणून पेल्याबरोबर वाढली जात असेल, तर मी त्या खोल्यांच्या फाटकात जाऊन उभा राहीन. गाडीतून उतरणाऱ्या प्रत्येकाला सांगेन, त्या सकाळी काय झालं आणि कोणाच्या हुकमाने झालं. मला हाकलतील. दुसऱ्या दिवशी पुन्हा जाईन.